स्टँड नसलेली फटफटी

नागोराव सडकेवरचा मजूर होता. पुढे तो गँगचा मुकादम झाला आणि मुकादम म्हणूनच निवृत्त झाला. त्याच्या आयुष्यात एवढंच घडलं असं सरकारी कागदांवरून दिसेल. मी त्याला सगळं मिळून चार-पाच वेळा भेटलो असेन. तरी त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण ज्यांच्यासोबत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांच्यापैकी कुणाबद्दल लिहावंसं वाटत नाही. मला लिहिण्याची सवय नाही. जमलं नाही तर कागद बंबात घालता येतील.

आधी फटफटीबद्दल सांगायला हवं. दिग्रसला सदाशिवराव नावाचे एक जिनवाले होते, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मालक. जिन वडिलांनी उभा केला, मुलाने फटफटी आणली. मिलिटरीच्या लिलावातली, पाच मणांचं धूड, दोन्ही बाजूंना लांबच्या प्रवासाच्या चामडी थैल्या. एका थैलीत हिंदुस्थानचा नकाशा आणि पानाचा डबा, दुसऱ्या थैलीत नट सोडायचे पाने, पंप आणि पंक्चरचं सामान. सदाशिवराव काश्मीरला जाणार होते. हे मी सत्तावन्न सालापासून ऐकत होतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी गाठलेलं सर्वांत दूरचं ठिकाण म्हणजे कळंब. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि येताना फटफटी बैलगाडीत घालून आणली. पण डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर कातडी टोपी मात्र भर उन्हातही असायची.

फटफटीला मूळचं एक लोखंडी स्टँड होतं. ते खडखडतं म्हणून सदाशिवरावांनी लोहाराकडून कापून टाकलं. मी भीत भीत विचारलं, "मग उभी कशी करायची, साहेब?"

ते म्हणाले, "ज्याच्याकडे माणसं नसतात त्याला स्टँड लागतं."

माणसं म्हणजे मी. मी जिनात कारकून होतो. खरेदीच्या चिठ्ठ्या लिहायला म्हणून मला मागे बसवत. पण चिठ्ठ्या लिहिण्यात दिवसाचा तासभर जाई. बाकी वेळ ते कुणाच्या ओसरीवर चहा घेत आणि मी बाहेर हँडल धरून उभा राही. याची मला लाज वाटत होती असं आज लिहिता आलं असतं. तेव्हा वाटत नव्हती. दोन थैल्यांच्या मध्ये बसून गावात शिरताना उलट थोडी ऐटच वाटायची.

एकोणसाठ सालचा फेब्रुवारी. कापसाचे शेवटचे वेचे चालू होते. घाटंजीच्या बाजाराला निघालो होतो आणि गाव चार-पाच मैलांवर असताना मागचं चाक बसलं. जवळच्या खेड्याचं नाव लिहीत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत.

पंक्चर काढायला मला येत होतं. सायकलची मी कितीतरी काढली होती. पण सायकल उलटी करता येते. ही आडवी केली तर टाकीतून पेट्रोल गळायला लागलं. मग उभीच ठेवून मागचा भाग उचलून धरायचं ठरलं. बाजाराला निघालेली सहा माणसं थांबली. कुणी थैली धरली, कुणी मडगार्ड. एकजण म्हणाला, "शेपूट मुरगाळा तिचं, आपसूक उठते." सगळे हसले आणि हसता हसता हात सैल पडले. चाकाचा नट अर्धा सुटला होता. फटफटी धाडकन खाली आली, माझं बोट थोडक्यात वाचलं. सदाशिवराव बाभळीच्या सावलीत उभे होते. तिथून म्हणाले, "बाबू, मडगार्डला पोचा आला तर बघ."

एवढ्यात गावचे पाटील विठ्ठलराव आले. जिनवाले आपल्या शिवारात अडकलेत हे त्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं होतं. सोबत त्यांचा सालदार फकिरा. त्याच्या खांद्यावर एक लांब सागवानी वासा आणि हातात दोर.

तो वासा का आणला हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. गावाच्या कडेला जी वस्ती, तिथल्या घरांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर त्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. ढोराच्या पोटाखालून दोर घालायचा, दोर वाशाला बांधायचा, वासा चौघांनी खांद्यावर घ्यायचा, अशी ती जुनी रीत. तो वासा नागोरावाच्या घरी असे. नागोराव आणि त्याची बायको सत्यशीला यांनी तो फोडून चुलीत घातला. पुढच्याच उन्हाळ्यात पाटलांचा बैल मेला. चार दिवस कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी पाटलांच्या दोन मुलांनी तोंडाला धोतर बांधून तो गाडीमागे बांधून ओढत नेला आणि सगळ्या गावाने ते पाहिलं. तेव्हापासून पाटील वाट पाहत होते. ढोर नाही तर फटफटी सही. वस्तीतल्या एकाच्या खांद्यावर भरदिवसा वासा पुन्हा चढला की गावाला पुढचं सांगायला नको.

आमच्याकडे पाहून पाटील म्हणाले, "ढोर पडलं अन् तुमी त्याले मालीश करून राह्यले. ज्याचं काम त्याले बलवा की."

थोड्या अंतरावर सडकेची गँग मोरीचे दगड बसवत होती. पाटलांनी हाक मारली, "नाग्या." मान वर झाली नाही. आणखी दोनदा मारली. एक माणूस खाली वाकून दगड ठोकत होता, तो ठोकतच राहिला. शेवटी फकिरा जवळ जाऊन हळूच म्हणाला, "नागोराव, जरा येता काय तिकडं. पाटील बलावतात." तेव्हा तो उठला, हात झटकले आणि आला. चाळिशीचा, काटक, अंगात बंडी. आल्यावर सगळ्यांना मिळून जयभीम केला. त्याला उत्तर कुणी दिलं नाही. मीही दिलं नाही.

पाटील म्हणाले, "दोर पोटाखालून घे, वाशाले बांध, तुह्या गँगचे तिघं घे अन् उचला. चाक होयेपर्यंत असेच उभे राहा. बापजाद्याचं काम हाये, शिकवा नाई लागत."

नागोरावने वाशाकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं, मग मला विचारलं, "पंचर काढाले किती वेळ लागते, बाबू?"

"अर्धा तास. पाऊणही लागेल."

"पाऊण घंटा खांद्यावर. अन् सायब कुठी राह्यतीन?"

माझी नजर बाभळीकडे गेली. दोघे-तिघे खुदकन हसले.

"चाक मी मोकळं करून देतो," नागोराव म्हणाला. "वासा खांद्यावर घेत नाई."

"काहून? वाशानं काय बिघडवलं तुह्यं?"

"वाशानं काई नाई. लाकूड हाये थे. आज फटफटीखाली घेतला त उद्या ढोराखाली घ्या लागन. मी एकटा नाई, सारी वस्ती. तुमाले बी तेच पाह्यजे अन् मले बी ठाऊक हाये."

सावलीतून सदाशिवराव म्हणाले, "अरे, एक दांडा उचलायला एवढा वाद कशाला? मला बाजाराला उशीर होतोय." काश्मीरला निघालेल्या माणसाला पायाखालच्या गावात काय चाललंय ते कळत नव्हतं. खरं तर मलाही पुरतं कळलं नव्हतं.

पाटील मात्र पेटले होते. फकिराच्या खांद्यावरून वासा त्यांनी खाली टाकायला लावला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "हा माह्या गोठ्यातला नवा वासा हाये. पन आजपासून हा ढोराचाच वासा, समजलं? साऱ्या गावानं आयकलं. आता घे."

नागोराव वाकला. क्षणभर वाटलं, घेतो. पण वासा ओलांडून तो फटफटीपाशी गेला आणि तिच्याखाली हात घालून चाचपू लागला.

"उचलाची कायले इले?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जमीन काढू खालची."

"अन् प्यायाले पानी कोनाच्या विहिरीचं नेता रे कामावर?" पाटील म्हणाले.

"तुमच्या. उद्यापासून नाल्याचं पेऊ."

एवढं बोलून त्याने पाटलांकडे पाठ केली, ती काम संपेपर्यंत. आम्हांला फटफटी सडकेच्या कडेच्या मुरमाच्या पटरीवर घ्यायला लावली. मी हँडल धरून होतोच. मोरीचे दोन चपटे दगड आणून त्याने इंजिनाखालच्या लोखंडी नळ्यांखाली एकावर एक सरकवले, मध्ये माझ्या चिठ्ठ्यांच्या पिशवीतला गोणपाटाचा तुकडा घातला आणि बारीक दगडांच्या पाचरी घण हळू मारून ठोकल्या. दर ठोक्याला फटफटी केसभर ताठ होत होती. ते मला हातांत कळत होतं. मग दोन्ही बाजूंच्या पायटेकांखाली एकेक दगड उभा केला. पुढच्या चाकाला मागून-पुढून आडवे दगड. हे सगळं झाल्यावर फावडं घेतलं आणि मागच्या चाकाखालचा मुरूम काढायला लागला. वीतभर खोल खड्डा झाला आणि चाक हवेत राहिलं. कुणी काही उचललं नव्हतं. फटफटी होती तिथेच होती, खालची जमीन तेवढी गेली होती.

"सोडा आता, बाबू," तो म्हणाला.

मी सोडलं नाही.

"सोडा. पडत नाई."

दोन वर्षांत मी तिला हात न लावता उभी पाहिली नव्हती. एक हात काढला. मग दुसरा. ती उभी राहिली. त्याने सीटवर तळहात ठेवून एकदा हलवून दाखवली; हलली नाही. माझे हात बराच वेळ तसेच पुढे होते, असं फकिराने मला नंतर सांगितलं.

नट सोडले, चाक अलगद खड्ड्यात उतरलं, मी पंक्चर काढलं. सदाशिवरावांनी तेवढ्यात दोन पानं खाल्ली. चाक बसवून झाल्यावर नागोरावने खड्ड्यात पुन्हा मुरूम भरला, घणाने ठोकून पटरी होती तशी केली आणि दगड मोरीवर परत नेऊन ठेवले. सरकारी दगड होते.

सदाशिवराव खूश झाले होते. मला म्हणाले, "हुशार आहे हा. जिनात घेऊ या, फटफटी सांभाळायला." नागोरावने ते ऐकलं. म्हणाला, "त्यापरीस फटफटीले पाय लावून घ्या, सायब. तिले जेवाले घाला नाई लागत." सदाशिवराव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

वासा मात्र पटरीवर पडून होता. पाटील फकिराला म्हणाले, "घे थो." फकिरा जागचा हलला नाही. "पाटील, तुमीच म्हनलं ना, ढोराचा हाये म्हून. तुमच्या घरी नेला त मोठ्या बाई मले अन् वाशाले, दोघाइलेही आंगनात येऊ देनार नाईत." पाटलांनी गर्दीकडे पाहिलं. मघाशी सगळ्या गावाने ऐकलं होतं, आता सगळं गाव इकडे-तिकडे बघत होतं. स्वतःच्या गोठ्यातलं चांगलं सागवान पाटलांनी स्वतःच्याच तोंडाने विटाळून ठेवलं होतं, आणि तोंडचा शब्द परत घ्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती. ते तसेच निघून गेले. असा माणूस चाळीस खेड्यांत शहाणा म्हणून ओळखला जात होता.

दुसऱ्या दिवसापासून गँगला विहीर बंद झाली, ती उन्हाळाभर. नाल्याचं पाणी आटलं तेव्हा सत्यशीला वस्तीतून डोक्यावर दोन घागरी घेऊन दीड मैल चालत यायची. मार्चमध्ये आणि मेमध्ये आम्ही तिथून गेलो. वासा तसाच पडलेला दिसायचा. लोक वळसा घालून जात.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा वासा पटरीवर नव्हता. वस्तीच्या तोंडाशी मातीचा ओटा घालून तो उभा केला होता आणि त्याच्या टोकाला पंचशील झेंडा फडकत होता. सदाशिवराव ओळखीच्या एका ओसरीवर गेले होते. मी हँडल धरून उभा होतो. नागोराव कामावरून येत होता, मला पाहून थांबला. मी आधी जयभीम म्हणालो. एवढं तरी केलं. मग वाशाकडे बोट केलं.

"वाळवी लागून राह्यली होती, बाबू," तो म्हणाला. "पाटलाले इचारलं, नेता काय म्हून. थे म्हने, तुलेच ठेव. मंग ठेवला."

"पण त्याच कामाचा म्हणून तुम्ही घेतला नव्हता ना?"

"थे काम नव्हतं घेतलं. लाकडाचं काय?"

बोलता बोलता त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. सदाशिवरावांना आत जाऊन तास झाला होता. नागोरावने कडेच्या ढिगातला एक उंचसा दगड निवडला, आणून फटफटीच्या पायटेकाखाली ठेवला आणि पायाने घट्ट सरकवला.

"सोडा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "साहेब बघतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हेही सांगायला हवं. मान हलवली, वाकून दगड काढला आणि पुन्हा ढिगावर, होता त्याच जागी नेऊन ठेवला.