दुसऱ्याच्या मुलाची वाट

आमच्या डॉक्टरकाकांसारखी दुसऱ्याच्या मुलाची वाट पाहणारा माणूस अख्ख्या टेक्सासात नसेल. निवृत्त डॉक्टर, काकू जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोत. एवढ्या मोठ्या घरात एकटेच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दोन हजार चारच्या सुमारास वाशीमहून एमएस करायला आलो, तेव्हा त्यांनी मला वरची खोली दिली आणि पहिल्याच संध्याकाळी गावच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाची सारी दुःखं ऐकवली. हा फुटबॉल हाताने खेळायचा. सगळी मदार क्वार्टरबॅकवर. चेंडू लांब फेकणं हे त्याचं काम. पण काकांना फेकणारा आणि वेळ आली तर स्वतःच चेंडू घेऊन पळणारा, असा दोन्ही अंगांचा मुलगा हवा होता. "नुसते फेकणारे पुष्कळ आहेत रे," ते म्हणत.

तिकडे कॉलेजं आपल्या संघासाठी शाळांतूनच मुलं हेरतात. असा मुलगा काकांना चाळीस मैलांवरच्या एका शाळेत सापडला, आणि त्यांनी चक्क स्थळ पाहायला सुरुवात केली. वहीत उंची, वजन, मार्क. आई नर्स, वडील नाहीत, एक धाकटी बहीण. खाली शेरा: 'मुलगा निर्व्यसनी दिसतो.' दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्याचा सामना पाहायला जायचो. काका ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गाडी नेत नसत, त्यामुळे सामन्याची सुरुवात आम्ही कधी पाहिलीच नाही.

"आपले कोच फार थंड आहेत. कुणीतरी पुढे व्हायला नको?" असं म्हणत एका शुक्रवारी त्यांनी स्वतः वळलेल्या बेसनलाडवांचा डबा मुलाच्या आईच्या हातात ठेवला. आमच्या गावात तो कधी उपाशी राहणार नाही, असं इंग्रजीतून वचनही दिलं. बाई हसली, आणि प्रामाणिक असल्यामुळे तिने शाळेला कळवलं. सोमवारी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून फोन आला: संघाच्या चाहत्यांनी खेळाडूला काही द्यायचं नाही, घरच्यांशी बोलायचं नाही, मुलगाच अडचणीत येईल. "आमच्याकडे ये म्हणायचं, आणि तेही रिकाम्या हाताने? कमाल आहे!" काका म्हणाले. पण मुलाचं नुकसान नको म्हणून पुन्हा त्या मैदानावर गेले नाहीत. शुक्रवारी रेडिओ लावून बसत.

कुठल्या कॉलेजात जायचं, हा आपला निर्णय मुलगा फेब्रुवारीत टीव्हीवर सांगणार होता. त्याच आठवड्यात मला पार उत्तरेकडच्या बॉथेलच्या नोकरीचं पत्र आलं होतं. मी जवळच अर्विंगला नोकरी धरीन आणि शनिवारी येत राहीन, असं काकांनी मनाशी पक्कं केलेलं. मला ते पत्र दाखवायचा धीर होत नव्हता. काका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. टीव्हीवर टेबलावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या, त्यातली एक आमची. मुलाने आईकडे पाहिलं, आणि दूरच्या राज्यातल्या एका कॉलेजची टोपी डोक्यावर घातली.

काका सोफ्यावर मागे टेकले. "चांगलं कॉलेज आहे. आई रडतेय, पण खूश आहे बघ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुझंही ठरलंय ना? बॉथेलचं पाकीट मीच आत आणलं होतं."

"सांगणारच होतो, काका."

"अरे वेड्या, जा. पाऊस फार असतो तिकडे. चांगला कोट घे."

पुढच्या हंगामात दर शनिवारी, सामना चालू असताना त्यांचा फोन येऊ लागला. बॉथेलला तो सामना दिसत नाही असं ते धरून चालत आणि एकेक डाव मला समजावून सांगत. माझ्यासमोर टीव्हीवर तोच सामना चालू असे. मी आवाज बंद करी आणि विचारी, "मग काय झालं, काका?"