किती पंप झाले?

१२ मे. हजर: मोठा दादा, वहिनी, वनरक्षक, मी आणि दोन पाठीवरचे पंप. पंप माझ्या यादीत नव्हते. ते दादाने आणले.

सेमाडोहच्या अलीकडे, जंगलाला लागून, पर्यटकांसाठी दादाच्या चार खोल्या आहेत. मेळघाटाला शोभा कमी पडते असं वाटून त्याने जठारपेठेतल्या रोपवाटिकेतून माशाच्या शेपटीसारख्या पानांचे माड नेऊन तिथे लावले. फळं उदमांजरांनी खाल्ली, बिया नाल्याकाठी पडल्या, आणि आता तिथे जांभळाच्या रोपाला जागा उरली नाही. तोडलं की माड बुडातून पुन्हा फुटतो.

वनरक्षकाने माड मारायची रीत समजावली होती. खोडाला तिरपं भोक पाडायचं, पिचकारीने थोडं तणनाशक आत सोडायचं, भोक चिखलाने बुजवायचं. फवारायचं मुळीच नाही, कारण खाली नाल्याच्या वाळूत एका कोरकू घराने पाण्यासाठी खणलेला झिरा आहे. ते घर त्याच पाण्यावर जगतं.

पण आमच्या कपाशीच्या मुलखात फवारणी पंपांवर मोजतात. तण मेलं का, हे संध्याकाळी कोणी विचारत नाही; किती पंप झाले, एवढंच विचारतात. दुपारपर्यंत अर्धी बाटलीही संपली नाही, हा दादाला स्वतःचा अपमान वाटला. आम्ही तिघं जेवायला वर गेलो तेवढ्यात त्याने दोन्ही पंप नाल्याकाठी रिकामे केले.

मी झिऱ्याची आठवण करून दिली.

“औषध हाय ते बाई, जहर नाही. कपाशीत जन्म गेला माहा, अन् तू मले शिकवून राहिली?”

“मंग एक घोट तुमीच घ्या,” वहिनी म्हणाली.

त्याने घेतला नाही. विषाला औषध म्हणणाऱ्यांची श्रद्धा तेवढीच असते.

वनरक्षकाने आणि मी लगेच खाली जाऊन त्या घरच्या बाईला सांगितलं. तिने पाण्याने भरलेली गुंडी पालथी केली.

पंधरवड्याने पाहिलं तर नाल्याकाठची जांभळं पिवळी पडली होती. माडाच्या गुळगुळीत पानांवरून मात्र सगळं ओघळून गेलेलं. फवारलेले माड हिरवेगार होते. दादा अमरावतीत अजून दोन पंपांचीच गोष्ट सांगतो.

ती बाई आता सडकेपलीकडच्या हातपंपावरून पाणी वाहते. नाल्याच्या वरच्या अंगाला नवा झिरा खणून देतो, असं दादाने त्याच संध्याकाळी तिच्यासमोर कबूल केलं होतं. फावडं मी त्याच्या गाडीत ठेवलं आहे. झिरा अजून खणायचा आहे.