आप्पांची बाग

नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला निघाले त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर आलेच नाहीत. दौंडच्या जुन्या बागेत ते माळी होते. निरोप घ्यायला मीच बागेत गेले. "पाणी सोडलंय, हलता येत न्हाई. तू जा," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून झाडांना आळी करत राहिले.

बाग इंग्रजांच्या वेळची. रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांच्या मडमा तिथं संध्याकाळी बसायच्या, असं आप्पा सांगत. आमच्या लहानपणी तिथं घसरगुंडी होती, भेळवाला होता, रिटायर झालेल्या गार्ड-ड्रायव्हरांचा अड्डा होता. कुरकुंभच्या कारखान्यांतली शिफ्ट करून आलेली माणसं हिरवळीवर आडवी व्हायची.

मस्कतला हॉस्पिटल, होस्टेल आणि एसी. पहिल्याच वर्षी मी फोनवर रडले, "आप्पा, इथं खिडकीतनं एक झाड दिसत नाही हो." तेव्हापासून दर शुक्रवारी आप्पा फोनवर बागच सांगायचे. बकुळीचा सडा पडलाय. बुचाच्या झाडावर घारीनं घर केलंय. आठवडाभराच्या ड्यूट्या मी त्यावर काढायचे.

आठव्या वर्षी पहिल्यांदाच, न कळवता रजेवर आले आणि आधी बागेकडेच गेले. पत्र्याचं कुंपण, आत सिमेंट, त्यावर उभ्या गाड्या. बकुळीचा बुंधासुद्धा नव्हता. मी बघतच राहिले, तसा शेजारचा टपरीवाला म्हणाला, "बोअर आटली, झाडं वाळली, मग सगळं सपाट केलं. पाच वर्सं झाली की, ताई."

घरी जाऊन मी आप्पांवर ओरडले. "पाच वर्षं खोटं बोललात?"

ते तळहाताचे घट्टे चोळत बसले. मग म्हणाले, "तिथं झाड न्हाई म्हणून रडलीस तू. हितलं बी गेलं, कसं सांगू?"

आई हळूच म्हणाली, "रोज सकाळी जाऊन त्या पत्र्यापाशी उभं ऱ्हात्यात."

मी परत गेले. शुक्रवारचा फोन चालू राहिला, पण आप्पा "बरं हाय" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचे. त्यांच्या बोलण्यात तरी बाग हिरवी होती, तीही मीच बंद पाडली. दोन वर्षांनी ते गेले. मला रजा मिळाली नाही.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले आणि मागे राहिलेले, दोघांनाही हे सांगावंसं वाटलं. इथं मस्कतला कुणी गाव विचारलं की मी अजून दौंडच सांगते. तिथं काय आहे, असं विचारलं की गप्प बसते.