आवाज काढलेला व्हिडिओ

त्या दुपारी मी आईवर खेकसलो, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. आभाळात गडगडलं की आमच्या पिपरी मेघेच्या घरातले सगळे प्लग काढायचे, हा तिचा कायदा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. प्लग निघाला की तो बंद. आणि त्या दुपारी तो बंद पडून चालणार नव्हता.

माझी मोठी बहीण समुद्रपूरकडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तिथलं घाण पाणी मागच्या नाल्यात सोडतात आणि खालच्या गावची जनावरं तेच पितात. ताईनं वरच्यांना सांगून पाहिलं. कुणी ऐकेना, तेव्हा गुपचूप मोबाइलवर शूटिंग केलं. नागपूरच्या एका बातमीदार बाईंना ते हवं होतं. पण कुणी पाठवलं हे फुटलं असतं, तर ताईची नोकरी गेली असती आणि जिल्ह्यात दुसऱ्या कुणी तिला दारात उभं केलं नसतं.

मी म्हटलं, मी पाठवतो. मला या गोष्टींची भारी हौस. एक प्रोग्रॅम असतो, त्यात फाइल कुठे चढवावी लागत नाही. ती आपल्याच लॅपटॉपवर राहते. एक लांबलचक, वाचता न येणारा पत्ता तयार होतो. समोरच्यानं तो खास ब्राउझरमधून उघडायचा आणि थेट आपल्याकडून फाइल उतरवून घ्यायची. मधलं जाळं पापुद्र्यावर पापुद्रे चढवतं, म्हणून देणारा कोण ते दिसत नाही. त्या जाळ्याचं नावच कांद्यावरून.

"कांदा-कांदा काय करून राह्यले तुमी?" आई म्हणाली. "घरात पोतंभर हाय."

अट एकच. उतरवून होईपर्यंत आपला लॅपटॉप चालू हवा.

बाईंनी उतरवायला घेतलं. किती उतरलं ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. ताई मागे उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. तेवढ्यात गडगडलं, आई प्लगकडे गेली आणि मी खेकसलो. "जळू दे मंग. मले काय करा लागते," म्हणत ती आत गेली.

नुसतं बसवेना म्हणून मी हेडफोन लावून तोच व्हिडिओ चालवला. चेहरा कुठे नाही, जागेची-वेळेची नोंद पुसलेली, हे सगळं आधी तपासलं होतं. आवाजाकडे मात्र लक्ष दिलं नव्हतं. पंपाची घरघर, त्यात काय ऐकायचं? आता त्या घरघरीतून स्वच्छ आलं, "जय भीम, ताई." आणि त्यावर माझ्या बहिणीचं नेहमीचं खणखणीत, "जय भीम, काका."

तो गेटवरचा चौकीदार, फेरी मारत मागे आलेला. कारखान्यात बाया दोनच, आणि दुसरीला तो 'नमस्कार मॅडम' म्हणतो. इतके पापुद्रे चढवले, आणि आत आम्ही आमची ओळख आमच्याच तोंडानं सांगून ठेवली होती.

थांबवायचं बटण दाबलं, तर लॅपटॉप अडकला. बाण हलेना. पट्टी शेवटाला टेकत आलेली. मी खाली वाकलो आणि प्लग ओढला.

"आता काऊन काढला?" आईनं आतून विचारलं.

अर्धी फाइल उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी 'मध्येच तुटलं, काहीच उघडत नाही' असा बाईंचा निरोप येईपर्यंत मी प्लग हातातून सोडला नाही.

ताईला ऐकवलं. तिनं हेडफोन काढून ठेवले. "तुझा आवाज काढून टाकतो," मी म्हणालो.

"काकाचाबी काढ. त्याले तं माहीतबी नाई, म्या काय करून राह्यली होती." मग म्हणाली, "आपले बाबा म्हनत, जय भीम म्हनताना आवाज खाली घ्यायचा नाई. अन् आज तू पुसून राह्यला."

मला भयंकर राग आला, कारखान्याचा आणि माझ्या शहाणपणाचाही. ढग पांगल्यावर मी मुका व्हिडिओ पाठवला.

बातमी आली. कारखान्यात सगळ्यांचे मोबाइल तपासले. ताईनं शूटिंग केव्हाच पुसलं होतं. रात्री जेवताना आई तो व्हिडिओ पाहत होती. एका जागी चित्र किंचित खाली झुकतं, जय भीम म्हणताना ताई झुकते तसंच.

"इथं कोनाले जय भीम केला वो तू?" तिनं विचारलं.

ताईचा घास हातातच राहिला. आईला दिसलं, म्हणजे त्या काकांना तर नक्कीच दिसणार.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी आल्यावर तिनं सांगितलं. गेटवर काकांनी तिला थांबवलं. आसपास कुणी नाही असं बघून म्हणाले, "ताई, त्या व्हिडिओले आवाज काऊन नाई?" मग स्वतःच पुढे म्हणाले, "साहेबानं मले विचारलं, नाल्याकडं कोन गेलतं. म्या म्हटलं, मले काई दिसलं नाई, काई आयकू आलं नाई."

तेवढ्यात साहेबाची गाडी येऊन उभी राहिली. काका गेट उघडायला वळले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "जय भीम, ताई."

"अन् तू?" मी विचारलं.

"म्हटलं ना," ती चपला काढत म्हणाली. "गाडीच्या काचा खाली होत्या, तरी म्हटलं."