आण्णांचं लिनक्स आणि ताईंचं फाटक

मी कॉम्प्युटरमधली आहे, असा आमच्या घरात बरीच वर्षं एक गैरसमज होता.

तो मीच पसरवला होता. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयटी विभागात आहे, एवढं खरं. पण तिथे माझं काम म्हणजे लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं. (न फाडता ओढणं ही कला आहे, पण ती घरी सांगण्यासारखी नाही.) घरी आल्यावर मी फक्त "आज सर्व्हर डाऊन होता" म्हणायची आणि सोफ्यावर मान टाकायची. सासूबाई आपणहून चहा आणून द्यायच्या.

माझे सासरे आण्णा मूळ चिखलीचे. तिथल्याच जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी शेड घातली आणि जाड पत्र्यातून हवी ती नक्षी कापून देणारं एक यंत्र बसवलं. यंत्राला हुकूम सोडायला एक जुनाट कॉम्प्युटर, आणि तो चालवणारी प्रणाली म्हणजे लिनक्स. आत्ताचं रंगीबेरंगी लिनक्स नव्हे, अगदी सुरुवातीच्या काळातलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि सुरू व्हायला इतका वेळ की आण्णा बटण दाबून म्हशीला पाणी पाजून यायचे. पण वीस वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. मला नेमकं हेच खटकत होतं.

माझ्या मोठ्या नणंदबाई वैशालीताई. त्यांनी पिंपळे गुरवला बंगला बांधला आणि वडिलांच्या प्रेमापोटी त्याचं नाव ठेवलं 'पितृछाया'. नाव ऐकल्यावर आण्णा उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले. परत आले ते म्हणाले, "फाटक मी करणार. माझ्या मशिनीवर."

आण्णांचे हात अलीकडे थरथरतात. शेड बंद करायची बोलणी घरात चालू होतीच. हे त्यांचं शेवटचं मोठं काम, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. त्यांनी फाटकाची जाळी झकास कापली. राहिली होती नावाची पाटी. त्या पाटीची अक्षरं त्यांनी जाड चष्मा लावून, एकेक बिंदू मोजून, आठ दिवस कॉम्प्युटरमध्ये भरली होती. रविवारी वास्तुशांत, शनिवारी पाटी कापायची, असा बेत होता. मदतीला म्हणून मी शनिवारी रजा टाकली. (या रजेचा सगळ्यांना पश्चात्ताप झाला. कंपनीला सोडून.)

अक्षरं बघून मी म्हटलं, "आण्णा, वळण जरा जुनं वाटतंय. आपण लिनक्स अपग्रेड करू. मग सरळ मराठीत टाइप करता येईल. अर्ध्या तासाचं काम."

"पन चालतंय न्हवं ते?"

"चालतंय, पण जुनं आहे ना!"

"मीबी जुनाच हाय, सूनबाई."

मी हसले. तो विनोद नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

ऑफिसच्या कपाटातली नव्या लिनक्सची सीडी मी पर्समधून आणलीच होती. सीडीचा ट्रे उघडेना, तेव्हा मी केसांतली पिन काढून भोकात घातली आणि तो खटकन बाहेर आला. "हुशार हाय गं," आण्णा म्हणाले. दिवसातलं ते शेवटचं कौतुक.

मग पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येऊ लागले. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी मी जशी न ऐकताच सगळ्याला 'हो' म्हणायची, तशी प्रत्येक प्रश्नाला 'येस' म्हणत गेले. अर्ध्या तासाचे दीड तास झाले. शेवटी "झालं!" म्हणून मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं उमटली. एल आणि आय. बाकी काळोख.

"काय म्हंतोय?" आण्णांनी विचारलं.

"एल, आय."

"फुडं?"

"पुढं काही नाही."

आण्णांनी वाकून बघितलं. "लि… म्हंजे लिनक्स म्हनायचं असंल त्येला. दम लागलाय बिचाऱ्याला."

मी मोबाइलवर शोधलं. तिथे लिहिलं होतं की पहिला टप्पा पार पडलाय, दुसरा टप्पा सापडलाय, पण तिकडे जाता येत नाही. हे चाकणच्या चौकात रोज होतं, पण तिथे निदान पोलीस तरी असतो. मी नवऱ्याला, सतीशला, फोन लावला. तो शिफ्टवर होता. "अगं, तूच तर कॉम्प्युटरमधली!" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तेव्हा आण्णांना बालाजीची आठवण झाली. हे लिनक्स मुळात बालाजीनेच बसवलं होतं. तेव्हा तो परभणीहून नोकरीला आलेला इंजिनिअर होता. पुढे नोकरी सोडून चाकणच्या बाजारात कांद्याचा आडत्या झाला. दुपारच्या लिलावाच्या भर गर्दीत त्याने फोन उचलला.

"एल आय दिसायलंय? काई घाबरू नका ताई, किरकोळ आहे. सीडी घालून परत चालू करा आन् डिस्कचे कप्पे उघडा. किती दिसायलेत?"

"चार."

"बरोबर. दुसऱ्यात यंत्राचा प्रोग्राम, तिसऱ्यात आण्णांची चित्रं. आता ध्यान देऊन ऐका. सरका, सरका, मागं घ्या!"

मी मागे गेले. एक पान मागे. "घेतलं," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही हो, टेम्पोला म्हणलं! या परत पुढं. हां. आता तिसऱ्या कप्प्यावर आलाव का?"

"आले."

"त्याला हात लावू नका, नुसतं…" मग मोठा गलका झाला आणि त्यातून बालाजीचा खणखणीत आवाज आला, "अरे, हे सगळं काढून टाका!"

पडद्यावर प्रश्न होता: काढून टाकू का? मी 'येस' दाबलं. पुन्हा प्रश्न आला: नक्की? मी नक्की दाबलं. वर तो कप्पा नव्याने तयार करण्याचंही बटण होतं, तेही दाबलं. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"काढलं," मी म्हणाले.

"काय काढलं?"

"तुम्ही म्हणालात ते. सगळं."

फोनवर इतकी शांतता पसरली की मला लांबून एका कांद्याचा भावसुद्धा ऐकू आला.

"ताई," बालाजी हळूच म्हणाला, "मी सडक्या कांद्याच्या गोणीला म्हणलं होतं. कॉम्प्युटर घेऊन इकडंच या."

निघालो. मी स्कूटर चालवत होते आणि मागे आण्णा कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. मोशीच्या पुढे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि आम्ही, असे सगळे एकत्र थांबलो. शेजारच्या गाडीवरच्या बाईंना राहवेना. "आजोबा, बाळाच्या तोंडावरून घ्या जरा. धूळ बघा किती!"

"घेतो," आण्णा म्हणाले आणि त्यांनी खरंच टॉवेल वर ओढला.

"किती महिन्यांचं आहे?"

"ईस वर्सांचं!"

बाईंनी पुढचा सगळा वेळ आमच्याकडे बघितलं नाही.

बाजारात बालाजीने गाळ्यातलं टेबल रिकामं केलं, आपला पडदा जोडला, हात खांद्यावरच्या पंच्याला पुसले आणि एक ओळ टाइप केली. कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामचं नाव होतं लिलो. बाहेर लिलाव चालला होता, आत लिलो चालला. पडद्यावर भराभर ओळी धावायला लागल्या. दोन मिनिटांचं काम! यंत्राचा प्रोग्राम शाबूत होता. तिसरा कप्पा मात्र स्वच्छ होता. बालाजीने तऱ्हेतऱ्हेने चाचपून बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई मन लावून पुसलंय."

आण्णांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "आठ दिस लागलं हुतं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. तिथे भरपूर कांदे होते, मला रडायला कारण सांगता आलं असतं.

"मी टाइप करते ना, आण्णा," मी म्हटलं. "आता मराठी येतं त्याला. पाच मिनिटं."

"चला मग. पत्रा वाट बघत आसंल."

शेडमध्ये परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आण्णांच्या लक्षात आलं की चष्मा कांद्याच्या वजनकाट्यावरच राहिला. मी 'पितृछाया' टाइप केलं. पडद्यावर अक्षरं उमटली, पण काहीतरी विचित्र दिसत होतं. 'प'ची वेलांटी एक घर पुढे सरकून 'त'वर जाऊन बसली होती. मी क्षणभर विचार केला. ऑफिसात पडद्यावर असं काही दिसलं की आम्ही लोकांना काय सांगतो? "स्क्रीनवरच तसं दिसतं, प्रिंट नीट येईल." हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की त्या दिवशी मीच मला सांगितलं आणि माझा विश्वासही बसला.

"बराबर हाय का? मला काय दिसंना," आण्णा म्हणाले.

"शंभर टक्के!"

आण्णांनी थरथरत्या बोटाने बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या. शिरोरेषेला लटकलेली सलग अक्षरं पत्र्यातून एकेक करून सुटी होऊ लागली. मध्येच काहीतरी टणकन खाली पडलं.

"काय पडलं गं?"

"चुरा असेल," मी म्हणाले. तो 'त'च्या पायातला, कुठेच न जोडलेला ऋकार होता.

पाटी गरमच होती. निवल्यावर तिला रंग मारला, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि टेम्पोने पिंपळे गुरवला पाठवून दिलं. तिथल्या माणसाने ती चादरीसकटच बोल्टांनी फाटकावर बसवली. कारण ताईंचं बजावणं होतं की चादर आण्णाच काढतील.

रविवारी सकाळी सगळे फाटकापाशी जमले. पाहुणे, गुरुजी, शेजारीपाजारी. आण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बिनचष्म्याचे, अगदी लहान मुलासारखे खुश. त्यांनी चादर ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या.

ताईंचे यजमान संदीपराव पुढे झाले. त्यांनी पाटी एकदा मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. "पति… छाया."

त्यांचे डोळे भरून आले. "आण्णा! अहो, पंधरा वर्षांत या घरात मला कुणी एवढा मान दिला नव्हता हो!" आणि त्यांनी आण्णांचे पाय धरले.

आण्णांना काही दिसत नव्हतं. त्यांनी आशीर्वाद दिला. "असू द्या जावईबापू, असू द्या. अवो, पोरीनं माज्यासाटीच केलंय ते."

"वहिनी!" ताईंचा आवाज आला.

'वहिनी' या तीन अक्षरांत किती अर्थ भरता येतो, हे त्या दिवशी कळलं. गुरुजींनी प्रसंग ओळखून मंत्र वाढवले. एक मावशी म्हणाल्या, "वैशाली, इतकी पतिव्रता असशील असं वाटलं नव्हतं हो." ताईंनी पाटी ताबडतोब काढायला सांगितली. संदीपराव फाटकाला पाठ लावून उभे राहिले. "आण्णांनी स्वतःच्या हाताने दिलीय. मी काढू देणार नाही!"

मी आण्णांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कट्ट्यावर बसले.

"म्हंजे फाटकावर मी न्हाईच व्हय?"

मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला खरोखर वाटलं की सर्व्हर डाऊन आहे.

सोमवारपासून आण्णांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलंच नाही. बाजारातून चष्मा परत आणला, नवा पत्रा घेतला, त्यावर खडूने नाव काढलं आणि हातातल्या गॅस कटरने अक्षरं कापायला बसले. मी रजा वाढवून दुसऱ्या टोकाला पत्रा धरून बसले. हात थरथरला की ते थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू करायचे. तीन दिवस लागले. अक्षरांच्या कडा जरा नागमोडी आल्या. ताईंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि त्या बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. आण्णा पुन्हा नाक शिंकरायला गेले.

पहिली पाटी मात्र संदीपरावांनी काही केल्या काढू दिली नाही. त्यामुळे आता फाटकाच्या एका झडपेवर 'पतिछाया' आहे आणि दुसरीवर 'पितृछाया'. पार्सल आणणारे लोक दर वेळी विचारतात, यातलं कुणाचं?

परवा सगळे तिथे जेवायला गेलो होतो. सासूबाई निघताना फाटकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरा झाला, बाप झाला. आईची सावली कुठं पडती का न्हाई या घरावर?"

सगळ्यांना एकदम पटलं. 'मातृछाया' झालीच पाहिजे! भिंतीवर, पायऱ्यांपाशी, मोठ्या अक्षरांत. रविवारी शेडमध्ये जमायचं ठरलं. मी उत्साहाने म्हटलं, "यात वेलांटीच नाही. हे मी टाइप करते!"

संदीपरावांनी गाडीची किल्ली शोधायला घेतली. आण्णांनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने विचारलं,

"सूनबाई, तुज्या कंपनीत रईवारी ओव्हरटाइम नसतो का गं?"