शेवटचाच आकडा कावून?

मंडळी, आज माजलगावजवळच्या आमच्या शाळेत माझीच शिकवणी झाली.

फळ्यावर ७३४९१५८६ लिहून म्हणालो, "शेवटी सहा, म्हणून संख्या सम."

ऊसतोडीवरून कालच परतलेल्या सोनीनं विचारलं, "सर, शेवटचाच आकडा कावून बघायचा?"

बारा वर्षं गणित शिकवतोय, पण हे 'कावून', म्हणजे 'का', मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

तिला सोडायला आलेली आई दारातूनच बोलली, "सर, दहा-दहा उसाच्या मोळ्या बांधा. मोळ्या कितीबी असू द्या, प्रत्येकीत पाच जोड्या बसत्यातच. उरलेले सुट्टे ऊस म्हंजी तुमचा शेवटचा आकडा; त्यात कुणी एकटा राहतो का, तेवढंच बघायचं."

मी खडू पुढं केला. आई लाजली. "लिहाया येत न्हाई, सर."

मग आई सांगत गेली आणि सोनी फळ्यावर लिहीत गेली. मी मागच्या बाकावर बसलो.

तुमचं 'कावून' कुणी सोडवलं होतं?