वाढत्या अंगाची सीट

आमच्या घरात कपडा, चप्पल, सायकल, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. थोरल्या भावाची चड्डी करदोट्यात खोचून मी शाळेचं एक अख्खं वर्ष काढलं.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. जावई कंपनीच्या कामावर परदेशात. तिथून फोनवर म्हणाला, "बाबा, बाळाला मांडीवर घेऊन येऊ नका. कारसीट घ्या."

हे मला अजून सलतं. मार्केट यार्डात हमालीपासून सुरुवात करून स्वतःचा कांद्याचा गाळा उभा केलेला माणूस मी. माझा नातू घरी कसा आणायचा, हे मला तिकडून कळणार!

तरी गेलो. दुकानदाराने टोपलीएवढी सीट काढली. तिच्यात बाळ अर्धवट निजून, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसतं.

"किती दिवस पुरेल?"

"वर्षभर."

"आणि ती मोठी?"

"चार वर्षं. पण काका, ती बसत्या मुलाची. तुमचं बाळ शाळेत चाललंय का?"

टोमणा झोंबला. "तुम्ही विकायचं बघा. मोठी द्या, छोटीच्या भावात." अर्धा तास हुज्जत घालून तीच आणली.

घरी न्यायच्या दिवशी इस्पितळाच्या दारात तीन दिवसांच्या नातवाला तिच्यात ठेवलं, तर त्याची मान पुढे छातीवर पडली. मी टॉवेलच्या गुंडाळ्या कोंबल्या. मान पुन्हा पडली.

"बाबा, काढा त्याला आधी!" मुलगी ओरडली.

"दे माझ्या मांडीवर," बायको म्हणाली. "तुलाही तशीच आणली होती."

"तेव्हा रिक्षा होती, आई. आता बाबा चालवणार आहेत."

बाळाला घेऊन ती आतल्या बाकावर जाऊन बसली. "बदलून आणा. तोवर मी इथून हलत नाही."

सिग्नलला हॉर्न वाजवत, दिसेल त्याला शिव्या देत दुकान गाठलं. ती पडलेली मान डोळ्यांसमोरून जाईना.

खोका पाहून दुकानदार म्हणाला, "शाळेत घेतलं नाही वाटतं?"

एरवी मी खोका त्याच्या अंगावर फेकला असता. "छोटी द्या. आणि बांधायची कशी, तेही दाखवा." भावाचं बोललोच नाही.

तो गाडीपाशी आला. सीटवर गुडघा दाबून त्याने पट्टा खेचला. पोत्याचं तोंड बांधताना आम्ही दाबायचो, अगदी तसा. हे मला येत होतं. त्याचा पट्टा सोडवून मी स्वतः पुन्हा खेचला. सीट तसूभर हलेना.

या वेळी नातवाची मान मागे टेकून राहिली. पण त्याचं तोंड आरशात दिसेना. हडपसरला घरी पोहोचेपर्यंत मी दर चौकात विचारत होतो, "श्वास घेतोय ना?"

"घेतोय. अहो, तुम्ही पुढे बघा!" बायको म्हणाली.

संध्याकाळी जावयाचा फोन. "नीट बसवली ना, बाबा?"

"गुडघा दाबून," म्हणालो आणि फोन मुलीच्या हातात दिला.

मोठ्या सीटचं तिने त्याला सांगितलं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही.